धुतलेलं जाकीट

बाईंच्या लाँड्रीत कपडा आला की आधी त्याची चौकशी होई. डाग कशाचा, कधीचा, घरी त्यावर काय काय चोळून बसलात? गिऱ्हाइकं सर्रास खोटं बोलत. चहा सांडला म्हणून सांगत आणि निघे भलतंच काही. बाई वाद घालत नसत. कपडा खिडकीच्या उजेडात धरत, डाग नखाने खरवडून बघत, नाकाशी नेत, मग कॉलरला नंबराची चिंधी टाचून मागच्या खोलीत टाकत. शाई, ग्रीस, गंज, डांबर, रक्त, प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीचं औषध दिलं की डाग घरजावयासारखा मुक्कामाला बसतो, हे त्या सासूच्या हाताखाली शिव्या खात शिकल्या होत्या.

दुकान अरुंद आणि लांबोळकं. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत दोन मशीन आणि एक जुना दगडी हौद. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट, कारखान्याचे डगले, सगळं वाफेत एकमेकांना खेटून टांगलेलं. वर दोन खोल्यांचं घर. दारावरची पाटी नवऱ्याने स्वतः रंगवली होती: "निघाला नाही असा डाग नाही." बाईंना ती बढाई पटली नव्हती. उद्या कोणी न निघणारा डाग घेऊन आला तर तोंड कुठे लपवायचं, असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की मग पाटीच धुऊन टाकू, त्यात काय. असा तो माणूस. कुठलीही गोष्ट त्याच्या अंगाला लागायची नाही.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. पंपघर गावाबाहेर, गोदामांच्या पलीकडे. जायला यायला सरळसोट रस्ता, ना वळण ना चढ. तो सायकलने जाई. पाणीपुरवठ्याने सगळ्यांना एकेक जाकीट दिलं होतं, पोपटीकडे झुकणारं पिवळं, पाठीवर आणि छातीवर चंदेरी पट्ट्या. इतर लोकांनी ती जाकिटं खुंटीला लावून टाकली. उकडतं म्हणत. यालाही उकडायचं. पण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की जाकीट अंगात नसेल तर संध्याकाळी घरात घेणार नाही. रस्त्यावरून गाड्या कशा जातात ते त्या दुकानात बसून रोज बघत होत्या. तेव्हापासून तो ते घालूनच येई आणि जिना चढताना ओरडे, "उघडा दार, वर्दीत आलोय."

आठवड्यातून एकदा बाई ते जाकीट हाताने धूत. चंदेरी पट्ट्यांना गरम पाणी चालत नाही, ब्रश चालत नाही, इस्त्री तर मुळीच नाही. एवढे लाड त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या कपड्यांचे केले नव्हते.

एका संध्याकाळी त्या काउंटरवर पावत्या फाडत होत्या तेव्हा पंपघराच्या दारवानाचा फोन आला. पलीकडून नीट बोलवत नव्हतं. गोदामांपाशी गाडीने मागून उडवलं, एवढंच कळलं. बाई आणि त्यांची मुलगी इस्पितळात पोचल्या तोवर सगळं संपलं होतं. फरशीचं दुकान असलेला एक गृहस्थ घरी चालला होता, त्याची गाडी. पळून गेला नाही, थांबला, स्वतः फोन केला, सगळं खरं. त्याचं कौतुक पुढे कोर्टात इतक्या वेळा झालं की बाईंना वाटलं, आता त्याला शाल-श्रीफळ देतात की काय.

इस्पितळातल्या एका वॉर्डबॉय मामाने मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली आणि सही घेतली. तपासाचा फौजदार तिथेच व्हरांड्यात होता. त्याने मोडलेली सायकल टेम्पोत चढवून घेतली, गाडीवाल्याचा जबाब घेतला, चहा घेतला. पिशवी काही घेतली नाही. ती रिक्षात मायलेकींच्या मध्ये बसून घरी आली.

अंत्यविधी आटोपला. वरच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. नणंद सगळ्यांना पाणी देत होती, रडत होती आणि नातेवाइकांच्या चपला नीट लावत होती. तिन्ही कामं ती एकाच वेळी करू शकते. बाईंना मात्र रडू येत नव्हतं. येणारा प्रत्येक जण त्यांच्या तोंडाकडे बघे, आता रडतील, मग रडतील. दुपारी त्या उठल्या आणि जिना उतरून दुकानात गेल्या. शटर अर्धं खाली होतं. पिशवी इस्त्रीच्या टेबलाखाली होती.

शर्ट-पँट इस्पितळात कात्रीने कापून काढलेली. त्याचं करण्यासारखं काही नव्हतं. जाकीट अख्खं होतं. चेन उघडून काढलं असावं. बाईंनी ते सवयीने खिडकीशी नेलं. कॉलरवर आणि उजव्या खांद्यावर रक्त, वाळून काळं पडलेलं. पाठीवर आडवा काळा पट्टा, रबराचा, त्यांनी नख लावून बघितलं. खाली खडी आणि माती. एका बाजूला शिवण उसवून वीतभर फाटलेलं.

मग त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. बाहेर कोणी मेलं होतं, जग बुडालं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. समोर मळलेला कपडा होता. थंड पाण्यात मीठ टाकून त्यांनी जाकीट हौदात बुडवलं. पाणी लाल झालं की सोडायचं, नवं घ्यायचं. हट्टी जागी औषधाचे थेंब टाकले, फेस आला की बोटाने हलकेच गोल गोल. काळ्या पट्ट्याला टर्पेंटाइन, मग चुन्याची पूड, मग साबण. पट्टा जाईना. त्या त्याच्याशी भांडल्यासारख्या भांडल्या. संध्याकाळपर्यंत तो गेला. ओलसर जाकिटाची शिवण त्यांनी त्याच रंगाच्या धाग्याने इतकी बेमालूम घातली की रफूवाल्याने तोंडात बोट घालावं. ते दोरीवर लावलं, चंदेरी पट्टी फडक्याने टिपली, आणि मग त्या हौदाच्या कडेला बसून रडल्या. नणंदेने वरून आवाज ऐकला आणि सगळ्यांना सांगितलं, रडल्या एकदाच्या, आता बरं वाटेल.

फौजदार दुकानात आला तो पुढच्या पंधरवड्यात. वरातीमागून घोडं, तसा. काउंटरवर टोपी ठेवून म्हणाला की गाडीवाल्याच्या जबाबात एक गोष्ट आली आहे. तो म्हणतो, मावळतीचं ऊन डोळ्यांवर होतं, सायकलवाल्याच्या अंगात गडद कपडे होते, दिसलाच नाही. तर जाकीट वगैरे काही होतं का?

बाईंचा जीव भांड्यात पडला. होतं का म्हणजे? त्या आत गेल्या आणि जाकीट घेऊन आल्या, घडी घातलेलं, पातळ कागदात गुंडाळलेलं, गिऱ्हाइकाला देतात तसं. फौजदाराने कागद उलगडला. त्याचा चेहरा बघून बाईंना वाटलं, आपल्याकडून एखादा डाग तर नाही ना राहिला.

"धुतलंत?" त्याने विचारलं.

"मग काय तसंच ठेवू?"

"बाई, हा पुरावा होता. याला हात लावायचा नव्हता."

"मग तुम्ही का नाही नेलात? तुम्ही होतात ना तिथे."

यावर फौजदाराने टोपी उचलली आणि पावती लिहायला घेतली. सरकारी माणसाला उत्तर सुचलं नाही की तो पावती लिहितो. जाकीट गेलं. जाताना त्याला एक दोरा बांधला, लाखेचं सील मारलं, आणि त्याचं नाव झालं मुद्देमाल.

सरकारी वकील भला माणूस होता, पण त्याच्या टेबलावर फायलींचा असा ढीग होता की समोरच्याला त्याचं फक्त कपाळ दिसे. त्याने बाईंना आणि मुलीला कायदा समजावून सांगितला. सायकलवाला मेला म्हणून गाडीवाला आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्याने गाडी कशी चालवली ते बघायचं. नुसतं दुर्लक्ष झालं तर लहान गुन्हा, थोडा दंड, काही दिवस लायसन्स बंद. पण समोर धडधडीत दिसत असताना बेदरकारपणे गाडी घातली आणि माणूस मारला, तर मोठा गुन्हा, त्याला तुरुंग. आता सरळ रस्ता आहे, गाडीवाला प्यायलेला नाही, वेगही फार नाही. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. पिवळंजर्द जाकीट घातलेला माणूस ज्याला दिसला नाही, तो रस्त्याकडे बघतच नव्हता. आणि गडद शर्टातला माणूस उन्हाच्या तिरपीत दिसला नाही, तर त्याला कोर्ट दुर्दैव म्हणतं.

"पण ऊन डोळ्यांवर येत होतं तर गाडी हळू करायची," मुलगी म्हणाली. "दिसत नाही म्हणून तशीच पुढे घालायची?"

वकील म्हणाला की हे मी मांडणारच आहे. त्याच्या आवाजावरून मुलीला कळलं की हे त्याने पूर्वीही खूपदा मांडलं आहे आणि त्याचं फारसं काही झालेलं नाही. न्यायाधीश स्वतः गाडी चालवतात. ऊन त्यांच्याही डोळ्यांवर येतं.

बाईंना तुरुंगाचं तेवढं नव्हतं. त्या गाडीवाल्याचे हाल व्हावेत असंही त्यांना रोज वाटत नसे, अधूनमधून वाटे. त्यांना हवं होतं ते वेगळं. ह्यांची चूक नव्हती, हे जाकीट घालून नीट कडेने येत होते, आणि समोरच्याने बघून न बघितल्यासारखं करून त्यांना मारलं, एवढं कोणीतरी खुर्चीत बसलेल्या माणसाने मोठ्याने म्हणावं. कारण गावात उलटं सुरू झालं होतं. काउंटरवर कोट टाकता टाकता लोक हळहळत आणि शेवटी म्हणत, "पण हे सायकलवाले पण कसे मध्येच येतात नाही." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. बाई त्यांच्या कोटाला चिंधी टाचत आणि पुढच्या आठवड्याची तारीख देत. एकाचा कोट मात्र त्यांनी परत दिला. हा डाग निघणार नाही म्हणाल्या. त्या कोटावर साधी कॉफी होती.

खटला उभा राहायला खूप वेळ गेला. तारखा पडत, मायलेकी कोर्टाच्या लाकडी बाकावर जाऊन बसत आणि परत येत. गाडीवालाही येई. पन्नाशीचा, मऊ चेहऱ्याचा, सतत घसा साफ करणारा. तो बाईंकडे कधी बघत नसे. नणंद एकदा सोबत आली होती, ती म्हणाली, "बघ वहिनी, आताही त्याला आपण दिसत नाही."

पहिला साक्षीदार पंपघराचा दारवान. तो छातीवर हात ठेवून म्हणाला की फाटकातून बाहेर पडताना जाकीट अंगात होतं, मी स्वतः बघितलं. बचावाच्या वकील मॅडम गोड बोलणाऱ्या, केस पांढरे, आवाज कधी वर जायचा नाही. त्यांनी विचारलं, त्या दिवशी उकाडा होता का? होता. फाटकापासून गोदामांपर्यंत तुम्ही सोबत होतात का? नव्हतो. तुमचं स्वतःचं जाकीट तुम्ही घालता का? दारवानाने मान खाली घातली. उकडतं, म्हणाला. धन्यवाद, मॅडम म्हणाल्या.

इस्पितळातला मामा म्हणाला की रोज इतक्या पिशव्या भरतो, कोणाच्या अंगातून काय काढलं ते आठवत नाही. मग प्रयोगशाळेचा कागद आला. जाकिटावर रक्त नाही, रबर नाही, रंग नाही, काही नाही. बाजूला एक शिवण आहे, ती केव्हाची ते सांगता येत नाही.

मग बाईंना बोलावलं. आदल्या दिवशी सरकारी वकिलाने बजावलं होतं की मोजकं बोला. सगळे डाग निघाले म्हणू नका, धुतलं पण थोडं राहिलं असेल, मला नीट आठवत नाही, असं म्हणा. बाईंनी हो म्हटलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांच्यापुढे ते जाकीट आलं, लाखेच्या सीलसकट. घडी कोणीतरी चुकीची घातली होती. त्यांनी ती नकळत सरळ केली.

मॅडमनी आधी दुकानाबद्दल विचारलं. किती वर्षं हे काम करता, कोणाकडे शिकलात. पाटीवर काय लिहिलंय तेही विचारलं. बाईंनी सांगितलं. कोर्टात थोडी हसाहस झाली आणि न्यायाधीशही ओठांत हसले. मग मॅडम जाकिटाकडे वळल्या.

"तुमचं म्हणणं, यावर रक्त होतं."

"होतं. कॉलरला आणि खांद्याला."

"आणि पाठीवर गाडीच्या रबराचा पट्टा."

"हो. आडवा."

"ते सगळं तुम्ही काढलंत. थोडंसुद्धा राहिलं नाही?"

सरकारी वकील फायलीतून वर बघायला लागला. बाईंना त्याचं बजावणं आठवत होतं. पण प्रश्न असा होता की गेली कित्येक वर्षं काउंटरवर त्याला एकच उत्तर होतं. थोडं राहिलं असेल, असं त्यांनी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. शिवाय ते खोटं होतं, आणि आपण खरं बोलायला उभ्या आहोत असं त्या बिचाऱ्या समजून चालल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही राहिलं नाही."

मॅडम पिंजऱ्याजवळ आल्या. मग अगदी शेजारणीसारख्या सुरात म्हणाल्या, "बाई, मीही संसार केलाय. माझ्या माणसाचा असा कपडा हातात आला असता, तर मी तो कवटाळून बसले असते. पाण्यात घालायला माझा हात धजला नसता. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तो धुतलात, शिवलात, घडी घातलीत. का?"

बाईंना सांगायचं पुष्कळ होतं. वर घर माणसांनी भरलं होतं, रडू येत नव्हतं, हातांना दुसरं काही करता येत नव्हतं, त्याला मळकं ठेवणं जिवावर आलं होतं. हे सगळं त्यांना नंतर कोर्टाचा जिना उतरताना सुचलं. पिंजऱ्यात तोंडातून एवढंच आलं, "मळलेला कपडा आला की मी धुते."

न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घेतलं. कागदावर ते किती कोरडं दिसत असेल याची कल्पना करा.

शेवटी मॅडमनी सगळं जुळवून मांडलं. उकाड्याचा दिवस. सहकारी जाकिटं घालत नाहीत. मृतानेही ते काढून सायकलच्या कॅरिअरला अडकवलं असणार. धडक बसली तेव्हा ते बाजूला पडलं, म्हणून त्यावर ना रक्त ना डाग. कोणीतरी ते उचलून कपड्यांच्या पिशवीत टाकलं. पत्नीच्या दुःखाबद्दल आम्हाला आदर आहे. दुःखात माणसाला न घडलेलंही घडल्यासारखं वाटतं.

बाई ऐकत बसल्या. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. इथे कांकण बाईंनी स्वतःच्या हाताने घासून पुसून लख्ख केलं होतं, आणि लख्ख होतं हाच त्याचा गुन्हा ठरला. मुलीने त्यांचा हात धरला. रात्री घरी दोघी जेवल्या नाहीत. मुलगी एकदाच म्हणाली, "आई, थोडं राहिलं म्हणाली असतीस तर." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने भांडी घासायला घेतली.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी पुष्कळ वाचलं आणि त्यातलं थोडंच बाईंना कळलं. पण थोडंच पुरे होतं. मृताच्या अंगात त्या वेळी जाकीट होतं हे निःसंशय सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा आरोपीला. मोठ्या गुन्ह्यातून सुटका. निष्काळजीपणाबद्दल दंड आणि सहा महिने लायसन्स बंद. मृताने स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी घेतली असती तर, असं एक वाक्य आलं आणि ते अर्धवटच सोडून न्यायाधीश पुढे गेले. नेमकं तेच वाक्य बाईंनी पूर्ण ऐकलं.

"सहा महिने सायकल चालव म्हणावं," नणंद मोठ्याने म्हणाली. शिपायाने तिला गप्प केलं.

सरकारी वकील म्हणाला, वर अपील करता येतं, बघू, पण जाकिटाबद्दल नवं काही मिळालं तरच. आणि तो पुढच्या फायलीकडे गेला. मुलगी आणि नणंद निकालाच्या नकलेसाठी खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या.

तिथे तो गाडीवाला आला. एकटाच. मॅडम आत कागदांवर सह्या करत होत्या. तो बाकाच्या टोकाला उभा राहिला, घसा साफ केला, आणि पहिल्यांदाच त्याने बाईंकडे नीट बघितलं. त्याचे डोळे लाल होते. निकाल लागल्यापासून रडला असावा.

"मला माफ करा," तो म्हणाला. "मला झोप लागत नाही. आज सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"ते जाकीट अंगातच होतं. मला दिसलं होतं. बरंच लांबून दिसलं होतं. मी हॉर्न दिला. वाटलं, होईल बाजूला. सगळे होतात."

बाईंना त्या क्षणी काय वाटलं म्हणाल, तर आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद झाला. जे ऐकायला त्या इतके दिवस बाकावर बसल्या होत्या ते शब्द कोणीतरी उच्चारले होते, आणि उच्चारणाराही अगदी योग्य माणूस होता. त्या उठल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "हेच आत सांगा."

त्याला वाटलं असावं, बाई माफ करताहेत. तो दोन पावलं बरोबर चालला. मग दार कुठल्या दिशेला आहे ते त्याच्या लक्षात आलं.

"आता काय उपयोग आहे? निकाल झाला."

"त्यांना सांगा. ह्यांची चूक नव्हती म्हणून सांगा. मला बाकी काही नको. तुम्हाला तुरुंग नको, काही नको. एवढं सांगा."

तो हात सोडवायला लागला. पण ओल्या चादरी पिळणारे हात ते, असे सुटत नाहीत. तो ओढत होता, बाई धरून होत्या. व्हरांड्यातले लोक बघायला लागले. आतून मॅडम आल्या, त्यांच्या मागून शिपाई आला, आणि जिन्याखालचा पोलीसही आला. पोलीस इतक्या लवकर येऊ शकतो हे बाईंना त्या दिवशी कळलं.

"काय चाललंय?"

"ह्यांनी आत्ता कबूल केलं," बाई म्हणाल्या. "जाकीट दिसलं होतं म्हणाले. विचारा त्यांना."

पोलिसाने त्याच्याकडे बघितलं. त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी फक्त डोक्याने नाही म्हटलं, लहान मुलाला दुकानात म्हणतात तसं.

"मी नुसतं वाईट वाटतं म्हणून सांगायला आलो होतो," तो म्हणाला. "बाकी काही बोललो नाही."

बाईंनी हात सोडला.

मॅडमनी त्याचं मनगट उचलून बघितलं. पाच बोटं उमटली होती, लालबुंद, एकेक वेगळं मोजता येईल अशी. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि त्याला हात खिडकीच्या उजेडात धरायला सांगितला. तक्रार करायची की नाही ते पुढे बघू, त्या म्हणाल्या, पण फोटो आत्ताच घेतलेला बरा, असे वळ फार वेळ राहत नाहीत.